शिक्षकांच्या शिक्षिका : ताराबाई मोडक

शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थ्यांना पत्रे पाठविली, त्यांना आलेल्या उत्तरांत एक जाड लिफाफा जयपूरचा होता. पाठविणारी आपली माजी विद्यार्थिनी लग्नानंतर तिकडेच स्थायिक झाली आहे. तिच्या मुलीने बारावीनंतर तेथे बी.ए.-बी.एड. या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. पदवी आणि शिक्षकी पेशाची पात्रता एकत्र देणारा हा अभ्यासक्रम राजस्थानात आता चांगला रुळला असून त्याच्या प्रवेशासाठी स्वतंत्र परीक्षाही होते. मुलीने ती दिली, जागा मिळविली आणि मग घरातील वडीलधाऱ्यांनी प्रश्न उपस्थित केला, की शिकविण्यासाठी एवढे शिकायचे ते काय? ज्याला विषय येतो त्याला तो शिकविता येतोच. ज्याला शिकविता येत नाही त्याला चार वर्षांत तरी काय येणार? आईपाशी यावर नेमके उत्तर नव्हते. आपल्या मराठीत हा प्रश्न कोणी जगून पाहिला असेल तर त्याविषयी स्मरणिकेत लिहावे, मी ते मुलीला वाचून दाखवीन, एवढीच तिची मागणी होती.

मागणी लहान दिसली तरी ती ज्या प्रश्नाला हात घालते तो जुना आहे. पदवीबरोबरच अध्यापनाचे शिक्षण देण्याची कल्पना काही कालपरवाची नव्हे. जयपूरपासून फार दूर नसलेल्या अजमेर येथे १९६३ साली निघालेल्या प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयात असा चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम तेव्हाच सुरू झाला होता, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर २०३० पर्यंत शिक्षकासाठी हीच किमान पात्रता असावी, असे उद्दिष्ट ठेवले आहे. परंतु धोरणाचा दाखला देऊन घरातील वडीलधाऱ्यांचे समाधान होत नसते. म्हणून येथे एक चरित्र सांगतो. ते आहे ताराबाई मोडक यांचे. बालवाडी आणि अंगणवाडी हे शब्द आपण रोज उच्चारतो; त्यांच्यामागे उभी असलेली ही स्त्री मात्र पुष्कळांना नावापुरतीच ठाऊक असते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे प्रचारक, आई उमाबाई. प्रार्थना समाज मुंबईत १८६७ साली स्थापन झाला होता आणि मुलींनी शिकावे, स्त्रीने स्वतःच्या बुद्धीने विचार करावा, हा त्या मंडळींचा केवळ व्याख्यानाचा विषय नव्हता. तो त्यांच्या घरातील रोजचा व्यवहार होता. अशा घरात वाढलेल्या ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. बी.ए. झालेल्या मराठी स्त्रिया त्या वेळी बोटांवर मोजण्याइतक्याच असल्याने ती पदवी म्हणजे एक नवल होते. नावापुढे ती दोन अक्षरे लागली, की त्या व्यक्तीला आता आणखी काही शिकण्याची गरज उरली नाही, असे लोक सहज धरून चालत.

त्या काळची शिक्षकांची स्थिती येथे सांगितली पाहिजे, नाही तर पुढील कथेचे मर्म हाती लागणार नाही. प्राथमिक शाळेतील मास्तर व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा देऊन मग ट्रेनिंग कॉलेजात जात. पुण्यात स्त्रियांसाठीही असे ट्रेनिंग कॉलेज होते. म्हणजे त्यांना प्रशिक्षण मिळे, पण पदवी त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. हायस्कुलातील शिक्षकाची गोष्ट नेमकी उलट. तो पदवीधर असे, पण मुंबईत १९०६ साली सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाल्यानंतरही बहुसंख्य पदवीधर कोणतेही प्रशिक्षण न घेता थेट वर्गात उभे राहत. ज्याला जास्त शिकविले त्याला शिकविण्याची कला शिकविली नाही, आणि ज्याला ती कला शिकविली त्याला पुढे शिकू दिले नाही. आणि पाच वर्षांखालील मूल? त्याच्या वाट्याला पदवीधर नाही आणि प्रशिक्षितही नाही. त्याला शिक्षकाची आवश्यकता आहे, हेच कोणाच्या मनात आलेले नव्हते.

पदवीनंतर ताराबाईंचा विवाह अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झाला. तो संसार टिकला नाही. १९२१ साली पतिपत्नी विभक्त झाली. आजही अशा प्रसंगी स्त्रीला जे ऐकावे लागते ते पाहता शंभर वर्षांपूर्वी काय झाले असेल, याची कल्पना करावी. त्या वेळी ताराबाईंचे वय २९ होते आणि पदरी एक लहान मुलगी होती. पोटापाण्याची सोय स्वतः करणे भाग होते. हाताशी होती ती बी.ए.ची पदवी.

त्या पदवीने त्यांना काम मिळवून दिले, आणि तेही केवढे! काठेवाडात राजकोट येथे बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज ही स्त्री-शिक्षिका तयार करणारी संस्था होती. ताराबाई तिच्या प्राचार्या झाल्या. त्या पदावर हिंदी स्त्री येण्याचा तो पहिलाच प्रसंग. पगार, मान, राहण्याची सोय सारे काही त्या पदाबरोबर आले. एकट्या बाईला त्या काळी याहून सुरक्षित जागा मिळणे कठीण होते.

राजकोटच्या त्या दोन वर्षांविषयी विचार करताना मला स्वतःला नेहमी एक गोष्ट खुणावते. ताराबाईंचे काम होते शिक्षिका घडविण्याचे. त्या काळच्या ट्रेनिंग कॉलेजांत हर्बार्टची पंचपदी ही जणू संहिता होती. पूर्वतयारी, प्रतिपादन, तुलना, नियम आणि उपयोजन या पाच पायऱ्यांवरून पाठ चढला, की तो पुरा झाला. मग समोरचे मूल कोणत्या पायरीवर बसून राहिले याची चौकशी करण्याचे कारण नसे. आमच्या पिढीनेही डी.एड. आणि बी.एड. करताना पाठ टाचणे लिहिली, आदल्या रात्री जागून तक्ते रंगविले, मैत्रिणीच्या वर्गातील हुशार मुले सराव पाठासाठी उसनी आणली आणि मागच्या बाकावर वही घेऊन बसलेल्या निरीक्षकांकडे एक डोळा ठेवून आदर्श पाठ दिले. त्या साऱ्या धडपडीत मुलांकडे पाहायचे राहून जाई. जयपूरच्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप या प्रकारच्या प्रशिक्षणावर असेल, तर तो मी अमान्य करणार नाही.

ताराबाईंनीही तो अमान्य केला नाही. याच सुमारास काठेवाडातच, भावनगर येथे चाललेल्या एका निराळ्या प्रयोगाकडे त्यांचे लक्ष वेधले. १९२३ साली त्यांनी प्राचार्यपद सोडले आणि त्या भावनगरला गेल्या. जी बाई शिक्षिकांना प्रमाणपत्राच्या वाटेवर नेत होती तीच वयाच्या ३१ व्या वर्षी लहान मुलांच्या शाळेत शिकण्यासाठी येऊन बसली. त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी घटना कोणती, असे मला विचारले तर पुढे मिळालेल्या सन्मानांकडे बोट न दाखविता मी या राजीनाम्याकडे दाखवीन.

भावनगरच्या दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवनाची स्थापना नानाभाई भट्टांनी १९१० साली केली होती. तेथे गिजुभाई बधेका १९१६ साली येऊन मिळाले. गिजुभाई मूळचे वकील. आफ्रिकेत जाऊन आलेले, पुढे वढवाणला वकिली जमलेली. स्वतःला मुलगा झाला, त्याला कसे वाढवावे याचा विचार करताना मारिया माँटेसरी यांचे लेखन वाचनात आले आणि या गृहस्थांनी कोर्टाकडे कायमची पाठ फिरविली. १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केले. लांब मिशांच्या या माणसाला काठेवाडात लोक मिशाळ आई म्हणून ओळखू लागले, यावरून त्यांचा मुलांशी संबंध कसा असेल हे समजावे. गंमत अशी, की शिक्षक कसा तयार करावा याचा या देशातील एक अत्यंत मौलिक विचार ज्यांनी केला, ते गिजुभाई कोणत्याही ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलेले नव्हते. प्रशिक्षण अनावश्यक आहे, असे सांगण्यासाठी काही जण हे उदाहरण देतात. ते अर्धेच उदाहरण होय. उरलेले अर्धे असे, की हेच गिजुभाई बालमंदिर थोडे स्थिरावताच अध्यापन मंदिर काढून बसले. आपल्याला जे चाचपडत, चुकत, वर्षे खर्ची घालून सापडले ते पुढच्या शिक्षकाला पद्धतशीर शिकविता आले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. प्रत्येकाने चाकाचा शोध नव्याने लावायचा ठरविले तर गाडी चालणार कधी?

टेकडीवरील त्या बालमंदिरात ताराबाई सुमारे नऊ वर्षे होत्या. तेथील शिक्षकाचे पहिले काम बोलण्याचे नव्हते, पाहण्याचे होते. मूल दट्ट्यांच्या पेटीतील लाकडी दट्टे योग्य खाचेत बसवीत असताना चुकले, तर ती चूक त्याला पेटीच सांगते; शिक्षकाने मध्ये पडायचे नाही. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवताना मुलाचा हात आधी अक्षर शिकतो, मग डोळा शिकतो. कोणते मूल कोणत्या साधनाशी किती वेळ रमले, कोणत्या क्षणी उठून गेले, कोणाशी भांडले, कशाने हसले, हे टिपून ठेवायचे. वरवर पाहता हे काम सोपे वाटते. ज्याने कधी वीस मुलांच्या मधोमध तासभर न बोलता बसून पाहिले असेल त्यालाच त्यातील अवघडपणा कळेल. शिक्षकाला जीभ आवरायला शिकविणे हे त्याला बोलायला शिकविण्यापेक्षा फार कठीण काम आहे.

माँटेसरींची साधने व त्यांमागील शास्त्र गिजुभाईंनी आणि ताराबाईंनी स्वीकारले, पण डोळे मिटून नव्हे. गोष्टी, नाटक, लोकगीते, गरबा, मातीकाम यांना त्यांनी बालमंदिरात मानाची जागा दिली. ताराबाई मराठी घरातल्या, पण गुजराती भाषा त्यांनी अशी आपलीशी केली, की गिजुभाईंच्या जोडीने त्यांनी त्या भाषेत विपुल लेखन केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला तेव्हा त्याच्या कामाचा भार या दोघांनीच उचलला. संघाची शिक्षणपत्रिका आधी गुजरातीत निघाली. १९३३ पासून ताराबाईंनी ती मराठीतही आणली. आपल्यापैकी ज्यांचे आजी-आजोबा मुंबई-पुण्यात शिक्षक होते त्यांच्या जुन्या ट्रंकेत तिचे अंक सापडण्याचा संभव आहे. मुलाने हट्ट केला तर काय करावे, मारावे की नाही, त्याला भीती का वाटते, असे विषय त्या काळी छापून येणे हेच नवे होते. आईबापांनाही शिक्षणाची गरज आहे, हे त्या पत्रिकेने कोणाला न दुखविता सांगितले.

१९३२ नंतर ताराबाई महाराष्ट्रात परतल्या आणि १९३६ साली त्यांनी दादर येथे शिशुविहार सुरू केले. बालमंदिराच्या जोडीला शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग हवाच, हा त्यांचा आग्रह येथेही होता. वर्गात ऐकायचे आणि लगेच शेजारच्या दालनातील मुलांत जाऊन ते पडताळायचे. सराव पाठासाठी मुले उसनी आणण्याची पद्धत येथे चालण्यासारखी नव्हती. पुढे १९३९ साली मारिया माँटेसरी स्वतः भारतात आल्या आणि मद्रासजवळ अड्यार येथे त्यांचा प्रशिक्षण वर्ग भरला. बालशिक्षणाला प्रतिष्ठा आली. शहरांतून माँटेसरी हा शब्द फॅशनसारखा पसरला. सुबक फर्निचर, परदेशी धाटणीची महागडी साधने आणि त्यांना साजेशी फी. ताराबाईंना हे खटकू लागले असल्यास नवल नाही. १९३१ साली लंडनमध्ये माँटेसरी बाईंशी झालेल्या भेटीत गांधीजींनी हीच चिंता बोलून दाखविली होती, की हे सारे गरिबाच्या मुलापर्यंत कसे पोहोचावे. दादरच्या मध्यमवर्गीय घरांतील मुलांसाठी ताराबाईंनी जे केले ते मोलाचे होते. तेवढ्यावर थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते.

त्या थांबल्या नाहीत. १९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांनी दादर सोडून बोर्डी गाठले. बोर्डी हे समुद्रकाठचे गाव तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्यात होते. आचार्य भिसे आणि चित्रे गुरुजी यांनी तेथे शिक्षणाचे काम आधीच रुजविले होते. गावाच्या पाठीमागे डहाणू-तलासरीपर्यंत वारल्यांचे पाडे पसरलेले. वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा याच भागात, याच वर्षी पेटलेला होता. अशा ठिकाणी ग्राम बाल शिक्षा केंद्र निघाले.

या कामासाठी ताराबाईंना सहकारी मिळाली ती अनुताई वाघ. दोघींची गाठ पडली बोरिवलीच्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात. अनुताई तेथे ग्रामसेवेचे शिक्षण घेण्यासाठी आल्या होत्या. बोर्डीला कोण येणार, असे ताराबाईंनी विचारले आणि अनुताई तयार झाल्या. या अनुताईंची वाट ताराबाईंच्या अगदी उलटी होती. तेराव्या वर्षी विवाह, सहा महिन्यांच्या आत वैधव्य. मग फायनलची परीक्षा, पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज आणि १९२९ साली तेथील परीक्षेत पहिला क्रमांक. चांदवड तालुक्यात चार वर्षे शिक्षकी. १९३३ पासून पुण्याच्या हुजूरपागेत. दिवसा शिकवून रात्रशाळेत शिकत १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. एकीपाशी पदवी होती आणि अध्यापनाची कला तिने पदवीनंतर मिळविली. दुसरीपाशी शिक्षकीचे प्रमाणपत्र होते आणि पदवीपर्यंत जाण्याची वाट तिला मिळाली नव्हती. त्या काळच्या व्यवस्थेने जे दोन तुकडे वेगळे ठेवले होते ते बोर्डीत असे एकत्र आले.

आणि तरीही दोघींचे शिक्षण तेथे अपुरे पडले. बालवाडी उघडली, आदिवासी मुले आली नाहीत. बोलावून आणली तर दुसऱ्या दिवशी दिसली नाहीत. अंगावर कपडा नाही, पोटात अन्न नाही, बोली निराळी, आणि बाहेरून आलेल्या माणसाची भीती पिढ्यान्‌पिढ्यांची. दादरच्या कोणत्याही पाठात याचे टाचण नव्हते. मग ताराबाईंनी उपाय काढला तो आज सांगताना साधा वाटतो. मुले शाळेत येत नाहीत ना, तर शाळेने मुलांकडे जावे. पिशवीत साहित्य भरून पाड्यावर जायचे, एखाद्या झोपडीपुढील अंगणात किंवा झाडाखाली बसायचे. आधी आंघोळ, मग नखे, मग केस. त्यानंतर गाणी, गोष्टी, खेळ. ही अंगणवाडी. नाव जितके साधे तितकेच अर्थपूर्ण होते. अंगण मुलाचे होते, पाहुणी आलेली होती ती शाळा.

साहित्यही बदलले. दट्ट्यांच्या पेट्या आणि रंगीत मणी तेथे कोण आणणार? समुद्रकाठचे शंख-शिंपले, चिंचोके, निरनिराळ्या बिया, पाने, फुले, बांबूचे तुकडे, नदीतील गोटे यांतून मोजणे, लावणे, जुळविणे, लहान-मोठे ओळखणे हे सारे साधले. माँटेसरींचे तत्त्व तेच राहिले; वस्तू मात्र त्या मुलाच्या ओळखीची झाली. तत्त्व कोठले आणि सवय कोठली हे ज्याला वेगळे करता येत नाही तो असा बदल करू शकत नाही. तो एक तर जुन्या पेटीला चिकटून बसतो किंवा पेटीबरोबर तत्त्वही टाकून देतो. पदवीच्या काळात लावलेली विचारांची शिस्त आणि भावनगरला मुरलेले निरीक्षण या दोहोंचा उपयोग येथे झाला, असे मला वाटते.

१९५७ साली केंद्राचे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे अडचण नव्या रूपात समोर आली. मोठ्या मुली शाळेत येत नसत, कारण कडेवर लहान भावंड असे. आईबाप मजुरीला गेल्यावर त्याला सांभाळणार कोण? तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्याची विकासवाडीची कल्पना आकारास आली. ताईने भावंडाला घेऊनच यावे. त्याला पाळणाघरात ठेवून आपण वर्गात बसावे. गुरे राखणारी पोरे तरीही उरलीच. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असताना शिक्षकानेच कुरणात जायचे आणि तेथेच पाठ घ्यायचा. पाठ टाचणात वेळ, स्थळ, साहित्य असे रकाने असतात. कुरणशाळेच्या शिक्षकाने ते कसे भरले असतील, असा विचार अनेकदा माझ्या मनात येऊन जातो.

हे सर्व चालू असताना शिक्षिका घडविण्याचे काम थांबले नाही. खेड्यातील आणि पाड्यावरील कमी शिकलेल्या मुलींना बालवाडी चालविण्यासाठी तयार करण्याचे वर्ग कोसबाडला चालत. पदवीधरांची वाट पाहत बसले असते तर पाड्यावर कोणीच पोहोचले नसते, हे ताराबाई जाणून होत्या. पण म्हणून त्यांनी पदवीला तुच्छ लेखले असेही नाही. त्यांच्या सहवासात असतानाच अनुताईंनी पुढचा अभ्यास चालू ठेवला आणि १९६१ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्या बी.ए. झाल्या. ट्रेनिंग कॉलेजात पहिल्या आल्यापासून या पदवीपर्यंत मध्ये ३२ वर्षे गेली होती. जयपूरच्या मुलीला हे दोन्ही चार वर्षांत मिळणार आहे.

सार्वजनिक जीवनातील बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. १९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. १९६२ साली त्यांना पद्मभूषण देण्यात आले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली आणि तिच्या केंद्राचे नाव पडले अंगणवाडी. आज राजस्थानातील ढाणीपासून आसामातील चहामळ्यापर्यंत तोच शब्द चालतो. तो ज्या अंगणात जन्मला ते पाहायला ताराबाईंची सहकारी कोसबाडला होती. अनुताईंनी ते काम १९९२ साली मृत्यू येईपर्यंत सांभाळले.

योजना वाढली तशी एक उणीवही वाढत गेली, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही. अंगणवाडीत आहार आला, वजनकाटा आला, लसीकरणाच्या नोंदी आल्या, रजिस्टरे आली, आणि ती आवश्यकच आहेत. पण मुलाकडे पाहत बसण्याचे जे शिक्षण ताराबाईंनी शिक्षिकेसाठी पहिले मानले होते त्याला सेविकेच्या दिवसात कितीसा वेळ उरतो? आपल्या परिसरातील एखाद्या अंगणवाडीत जाऊन माजी विद्यार्थ्यांनी हे एकदा स्वतः पाहावे. तेथील सेविकाताईंना दोष देण्यासाठी नव्हे. त्या किती कामे एका हाताने करतात हे दिसले, म्हणजे त्यांच्या प्रशिक्षणाविषयी आणि मानधनाविषयी बोलताना आपला सूर बदलेल.

जयपूरच्या पत्राला उत्तर म्हणून लिहायला घेतले आणि लेख लांबला. हा अंक तिकडे रवाना करताना सोबत अनुताईंचे कोसबाडच्या टेकडीवरून हे आत्मचरित्रही पाठवीत आहोत. मुलीला मराठी बोललेले समजते, पण वाचायला वेळ लागतो, असे तिच्या आईने लिहिले आहे. हरकत नाही, चार वर्षे आहेत.